आणीबाणीसाठी घरची बेगमी: किती भरायचं, कशात भरायचं आणि सगळ्यात आधी काय संपतं

प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं. पूर, वादळ, लांबलेली वीजकपात, संचारबंदी, नाहीतर अचानक बंद झालेला पगार, काहीही झालं तरी दोन आठवडे ते महिनाभर बाजारात न जाता घर चाललं पाहिजे. मागे एकदा तांदळाचं पोतं आणून ठेवलं होतं, त्यात किडे झाले. तेलाचा डबा खवट निघाला. आता नव्याने भरायचं तर काय आणि किती?

पोत्यापासून सुरुवात केली की असंच होतं. बेगमी किलोंत मोजायची सोडा, दिवसांत मोजा. तांदूळ ४० दिवसांचा, डाळ १२ दिवसांची, तेल ८ दिवसांचं आणि गॅस ५ दिवसांचा असेल, तर तुमच्याकडे ५ दिवसांचा साठा आहे. सहाव्या दिवशी घरात पोतंभर तांदूळ असेल, पण तो शिजणार कशावर? बहुतेक घरांत आधी पाणी संपतं, मग जळण, मग तेल. धान्य शेवटपर्यंत शिल्लक राहतं, आणि लोक पैसे घालतात ते मात्र नेमके धान्यात.

एका माणसाला रोज किती

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २१०० किलोकॅलरी धरा. मदतकार्यात शिधा ठरवतानाही हाच आकडा घेतात. कोरड्या जिनसांत तो असा बसतो:

धान्य (तांदूळ, गहू किंवा पीठ) ३५० ग्रॅम
डाळी आणि कडधान्यं ८० ग्रॅम
तेल ३० ग्रॅम
शेंगदाणे २५ ग्रॅम
साखर २५ ग्रॅम
दुधाची पावडर २० ग्रॅम
मीठ ५ ग्रॅम

यातून ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. मुलांना कमी लागतं, अंगमेहनत करणाऱ्याला जास्त लागतं. चौघांत ते आपोआप जुळतं, त्याहून बारीक हिशेबात शिरू नका. चार माणसं गुणिले १४ दिवस म्हणजे ५६ माणूस-दिवस. त्याला धान्य २० किलो, डाळी-कडधान्यं साडेचार किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे आणि साखर प्रत्येकी दीड किलो, दूध पावडर सव्वा किलोच्या आत आणि मीठ अर्धा किलो. एकूण वजन ३० किलोंच्या आसपास. ते एका कपाटात मावतं. महिन्यासाठी हे सगळं दुप्पट करून वर थोडं घ्या.

या यादीतलं तेल हौसेखातर आहे असं समजून कोणी कापू नये. ३० ग्रॅम तेलातून २७० किलोकॅलरी मिळतात. तेवढी ऊर्जा तांदळातून काढायची तर ७५ ग्रॅम जादा तांदूळ लागतो, वर तो शिजवायला दीडशे मिलिलिटर पाणी आणि आच. टंचाईत तेलाइतकी आटोपशीर दुसरी जिन्नस नाही. शिवाय कोरडा भात मुलं दोन घास खाऊन बाजूला सारतात.

तोंडाला चव राहणं हाही हिशेबाचाच भाग आहे. रोज एकच जेवण ताटात आलं की चौथ्या-पाचव्या दिवसापासून लहान मुलं आणि म्हातारी माणसं जेवणं कमी करतात, अन्न समोर असूनही. म्हणून धान्य दोन-तीन प्रकारचं, डाळी तीन-चार प्रकारच्या, आणि मसाले, सुकवलेला कांदा-लसूण, आंबट काहीतरी, चहा किंवा कॉफी घरच्या सवयीप्रमाणे. या गोष्टींचं वजन नगण्य असतं. घरात कधीच न खाल्लेलं, केवळ टिकतं म्हणून आणलेलं अन्न यादीतून काढून टाका. ताणाच्या काळात नवं अन्न पोटालाही मानवत नाही. एरवी कडधान्यं कमी खाणाऱ्या घराने एकदम रोज वाटीभर खायला घेतली तर गॅस आणि पोटदुखी ठरलेली.

जीवनसत्त्वांची काळजी दोन आठवड्यांत करायचं कारण नाही. महिन्याच्या साठ्यात डबाबंद टोमॅटो किंवा फळं ठेवा. अख्खी कडधान्यं असतील तर मोड काढता येतात, त्यातून क जीवनसत्त्व मिळतं. मात्र मोड आलेली कडधान्यं अशा काळात कच्ची खाऊ नका. ऊबदार ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात, त्यामुळे एक वाफ काढाच.

पहिले तीन दिवस चूल पेटणार नाही असं धरा

दोन आठवड्यांचा साठा भरण्याआधी तीन दिवसांचं न शिजवता खाण्यासारखं अन्न वेगळं काढा. पुराचं पाणी घरात आलं, गळती झाली म्हणून गॅस बंद ठेवावा लागला, घरात आजारी माणूस आहे, अशा वेळी शिजवणं जमत नाही. भाजलेले शेंगदाणे, सुकामेवा, बिस्किटं, कडक टोस्ट, शेंगदाण्याचं लोणी, डबाबंद कडधान्यं, घरात खात असतील तर डबाबंद मासे, आणि गार पाण्यात कालवता येईल अशी दूध पावडर. खारट पदार्थ भरमसाट भरू नका, ते पाणी मागतात. डबे असतील तर ते उघडायचं साधन त्याच पिशवीत बांधून ठेवा, स्वयंपाकघरातलं आयत्या वेळी सापडत नाही. घर सोडायची वेळ आली तर हीच पिशवी उचलायची, म्हणून ती एका माणसाला उचलता येईल इतकीच जड असू द्या.

पाणी

माणशी रोज ४ लिटर: साधारण २ पिण्याचे, १ स्वयंपाकाचा, १ हात आणि भांडी धुण्याचा. अंघोळ, कपडे यात नाहीत. चौघांना १४ दिवसांचे २२४ लिटर होतात, म्हणजे २२४ किलो. एवढं साठवायला बहुतेक घरांत जागा नसते, आणि माळ्यावर तर ते ठेवूच नये. सात दिवसांचं, ११२ लिटर, खाण्यापिण्याच्या दर्जाच्या कॅनमध्ये साठवा, आणि पुढच्या दिवसांसाठी मिळेल ते पाणी शुद्ध करण्याची सोय ठेवा. कॅन २० लिटरपेक्षा मोठे घेऊ नका. भरलेला मोठा पिंप हलत नाही, आणि त्यात एकदा घाण गेली की सगळंच पाणी जातं. दुधाच्या जुन्या प्लॅस्टिक कॅनमध्ये पाणी भरू नका, त्यातला दुधाचा अंश धुऊनही पुरता निघत नाही. साठवलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला.

शुद्ध करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे उकळणं. खळखळून एक मिनिट, २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. दुसरा मार्ग ब्लीच: साधं, बिनवासाचं, ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं. लिटरला २ थेंब, म्हणजे २० लिटरच्या कॅनला २ मिलिलिटर. सुई काढलेल्या सिरिंजने मोजलं की चूक होत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, घट्ट विणीच्या कापडातून गाळा आणि मात्रा दुप्पट करा. ढवळून ३० मिनिटं थांबा. शेवटी क्लोरिनचा अगदी हलका वास यायला हवा. तो आला नाही तर तेवढीच मात्रा पुन्हा घालून १५ मिनिटं थांबा. उघडलेल्या ब्लीचचा जोर महिन्यागणिक उतरतो, त्यामुळे जुनी बाटली घरकामाला वापरून वर्षाच्या आत नवी ठेवा. ब्लीचने काही चिवट परजीवी मरत नाहीत आणि रसायनं तर निघतच नाहीत. शेतातून किंवा कारखान्याच्या बाजूने वाहून आलेलं पाणी कशानेही घरी पिण्याजोगं होत नाही.

जळण

इथे लोक अंदाजाने बोलतात, पण हे मोजता येतं. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते, म्हणून लिटरला १२ ते १५ ग्रॅम एलपीजी धरा. चौघांचं पिण्याचं ८ लिटर पाणी रोज उकळायचं ठरवलं तर नुसत्या त्यातच रोज १०० ते १२० ग्रॅम गॅस जातो, महिन्याला ३ किलोंहून जास्त. ब्लीच जवळ ठेवायचं ते यासाठी. पाण्यावरचं जळण वाचलं की तेच जेवणाला पुरतं.

तुमच्या घरचा खरा आकडा काढायला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. ते वजा केलं की आत किती गॅस आहे ते कळतं. आठवडाभराने पुन्हा वजन करा. हा फरक भागिले सात म्हणजे तुमचा रोजचा खर्च. आणीबाणीत साधेपणाने रांधलं तर त्याच्या निम्म्यात भागू शकतं, पण हिशेब पूर्ण आकड्याचा करा.

वाचवायचे दोन उपाय खरोखर उपयोगाचे आहेत. एक प्रेशर कुकर, आणि कडधान्यं रात्रभर भिजवणं. दुसरा, साठलेल्या उष्णतेवर शिजवणं: जाड बुडाच्या भांड्यात तांदूळ आणि पाणी घालून उकळी आणा, पाच मिनिटं उकळू द्या, घट्ट झाकण लावून भांडं खोक्यात दोन-तीन जाड पांघरुणांत सगळीकडून गुंडाळून तासभर तसंच ठेवा. भात होतो, गॅस पाच-सात मिनिटांचाच जातो. भांडं निदान दोन-तृतीयांश भरलेलं हवं, नाहीतर फार लवकर निवतं. या पद्धतीला एक अपवाद लक्षात ठेवा. राजमा आणि त्याच्या जातीच्या घेवड्यात एक नैसर्गिक विष असतं, ते पूर्ण उकळीतच मरतं, आणि कोमट आचेवर रेंगाळलं तर उलट वाढतं. राजमा निदान पाच तास भिजवून ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मगच हवं तर पांघरुणात ठेवा.

कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, बंद बाल्कनीत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही.

कीड बाहेरून येत नाही, दाण्यातूनच येते

तुमच्या तांदळाचं काय झालं असेल ते बघू. सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा बाहेरून साफ दिसतो. ऊबदार हवेत चार-पाच आठवड्यांनी आतून किडा बाहेर पडतो, आणि आपल्याला वाटतं डब्याचं झाकण सैल असेल. म्हणजे नुसता हवाबंद डबा पुरत नाही, आतली अंडी मारावी लागतात. डाळी-कडधान्यांच्या भुंगेऱ्याची अंडी दाण्याच्या सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. खरेदीच्या वेळी मूठभर दाणे तळहातावर घेऊन उजेडात बघायची सवय लावा. तळाशी पिठासारखा भुगा असेल तर ती थैली परत करा. पिठात जाळी दिसली की ती पतंगाच्या अळ्यांची.

घरगुती उपायांत सगळ्यात भरवशाचा उपाय फ्रीझरचा. उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवलं की अंड्यांसकट सगळं मरतं. थैल्या दोन-तीन किलोंच्याच करा, मोठ्या थैलीच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचायला फार वेळ लागतो. बाहेर काढल्यावर थैली न उघडता चोवीस तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार दाण्यावर हवेतली वाफ लगेच थिजते, आणि तेच ओलसर धान्य डब्यात गेलं की किड्याऐवजी बुरशी येते. गडबडीत हेच चुकतं.

ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग धान्य घ्या, दोन चमचे अगदी कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, भरू नका. चिकटलं नाही तर नेहमीच्या साठवणीला चालेल. धान्य वाळवलं असेल तर पूर्ण निवल्यावरच भरा. गरम धान्य भरलं की झाकणाखाली पाणी सुटतं.

कीड लागलेलं धान्य लगेच फेकायची गरज नाही. अख्खा तांदूळ किंवा डाळ चाळून, पाखडून, आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून, धुऊन शिजवली तर खायला हरकत नाही. पिठाचं तसं नाही. तांबडे भुंगेरे झालेल्या पिठाला उग्र वास लागतो, तो भाजूनही जात नाही, ते टाकाच. गाठी धरलेलं, कुबट वासाचं धान्यही टाका. काळी-हिरवी बुरशी आलेले शेंगदाणे तर निवडत बसू नका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, आणि ते शिजवून नष्ट होत नाही.

डबे, थैल्या आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या

मोठ्या पिंपापेक्षा ५ लिटरचे डबे बरे. एका डब्यात सुमारे ४ किलो तांदूळ मावतो, म्हणजे चौघांचा तीन दिवसांचा. एकात कीड निघाली तर बाकीचे वाचतात, आणि उघडलेला डबा सादळायच्या आत संपतो. पीठ हलकं असतं, त्याच डब्यात तीन किलोंच्या आत बसतं. उंदरांचा त्रास असेल तर प्लॅस्टिक ते सहज कुरतडतात, तिथे पत्रा किंवा काच हवी. जिन्नस, वजन आणि भरल्याची तारीख डब्याच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलेलं व्यर्थ, झाकणं धुताना अदलाबदल होतातच.

ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांचा हल्ली फार बोलबाला आहे, त्यात काय चालतं ते नीट समजून घ्या. पुडीत लोखंडाचा कीस असतो. तो गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. पुडी साध्या प्लॅस्टिकच्या थैलीत टाकली तर उपयोग नाही, कारण तशा थैलीतून ऑक्सिजन हळूहळू आत येतच राहतो. अॅल्युमिनियमचा थर असलेली जाड मायलरची (एक प्रकारच्या मजबूत प्लॅस्टिकची) थैलीच हवी, तोंड इस्त्रीने किंवा सीलरने पूर्ण बंद केलेली. ५ लिटर तांदळात दाण्यांमधल्या पोकळीत साधारण २ लिटर हवा असते, त्यात ऑक्सिजन सुमारे ४२० घन सेंटिमीटर; म्हणून ५०० क्षमतेची एक पुडी. २० लिटरला २००० ची. ऑक्सिजन १ टक्क्याखाली राहिला तर दोनेक आठवड्यांत कीड मरते.

कामाचा क्रम महत्त्वाचा. सगळ्या थैल्या आधी भरून ओळीने ठेवा, इस्त्री तापवा, मग पुड्यांचं पाकीट फोडा. उघड्या हवेत त्या लगेच काम सुरू करतात, हाताला कोमट लागतात. पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या बंद झाल्या पाहिजेत. उरलेल्या पुड्या छोट्या काचेच्या बरणीत गच्च बंद करा. दुसऱ्या दिवशी थैली विटेसारखी कडक झाली नाही म्हणून घाबरू नका. हवेत ऑक्सिजन एक पंचमांशच असतो, बाकीचा नायट्रोजन आतच राहतो.

पुड्या कशात घालायच्या नाहीत ते पाठ असू द्या. साखर आणि मिठात नकोत, त्यांचा दगड होतो. १० टक्क्यांहून जास्त ओलाव्याच्या कशातही नकोत, कारण ऑक्सिजन नसलेल्या ओलाव्यात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू विष तयार करू शकतो. तेव्हा वरची मिठाची परीक्षा इथे पुरत नाही, दाणा दाताखाली कटकन फुटेल इतका कोरडा हवा. घरी सुकवलेल्या मऊसर फळांना आणि भाज्यांना तर त्या नकोतच. तपकिरी तांदूळ, शेंगदाणे आणि कणीक यांत तेलाचा अंश जास्त असतो, त्यांना वर्षानुवर्षे ठेवायच्या कल्पनेनेच हात लावू नका.

खरं तर महिन्याच्या बेगमीला यातलं बरंचसं लागत नाही, आणि ते का लागत नाही हे एका भागाकाराने कळतं.

साठा भागिले महिन्याचा वापर

घरात महिन्याला ६ किलो तांदूळ लागतो आणि साठा १८ किलो आहे, तर सगळ्यात जुना तांदूळ कधीच तीन महिन्यांहून जुना होणार नाही, मात्र जुनं आधी काढायची शिस्त हवी. तीन महिन्यांसाठी मायलर कशाला? उलट महिन्याला पाव किलो राजमा खाणाऱ्या घराने ५ किलो राजमा भरला तर तो संपायला २० महिने लागतील, तोवर तो शिजायचं नाव घेणार नाही. ऊब आणि दमटपणा यांनी कडधान्यं आतून कडक होतात, मग कितीही भिजवा. भिजवताना पाव चमचा खाण्याचा सोडा घातला तर थोडा फरक पडतो.

प्रत्येक जिनसेचा हा भागाकार करा आणि उत्तर तिच्या टिकण्याशी ताडून बघा. कणीक उन्हाळी हवेत दोन-तीन महिने, तपकिरी तांदूळ सहा महिने, सोललेले शेंगदाणे तीन-चार महिने, साय न काढलेल्या दुधाची पावडर सहा ते नऊ महिने, बंद तेल वर्षभर आणि उघडलेलं दोन-तीन महिने, डाळी वर्षभर. पॉलिश केलेला तांदूळ कीड आवरली तर साध्या डब्यातही वर्ष-दोन वर्षं सहज. डबाबंद टोमॅटो आणि आंबट फळं दीड वर्षात संपवा, बाकीचे डबे दोन ते पाच वर्षं. फुगलेला, गळका किंवा जोडावर चेपलेला डबा चाखून बघायचा नाही, सरळ टाकायचा. मीठ-साखरेला मुदत नाही, कोरडं ठेवलं की झालं.

जी जिन्नस भागाकारात नापास होईल तिच्यावर दोनच इलाज: साठा कमी करा, नाहीतर रोजच्या जेवणात तिचा वापर वाढवा. दूध पावडर बहुतेक घरांत नापास होते, कारण रोज ताजं दूध येतं. ती लहान सीलबंद पाकिटांत घ्या, आणि मुदत संपायच्या दोन महिने आधी एकेक पाकीट गोड पदार्थांत वापरून टाका.

तुमचं तेल खवट झालं त्याचंही कारण बहुधा जागेत असेल. तेलाला हवा, उजेड आणि ऊब तिन्ही बाधतात. पारदर्शक मोठा कॅन, शेगडीच्या वरच्या फळीवर, वारंवार उघडलेला, म्हणजे तिन्ही दोष एकत्र. लिटर-लिटरच्या बाटल्या घ्या, खोक्यात अंधारात ठेवा. साठवणीत ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की टिकण्याचा काळ जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे छपराखालचा माळा आणि शेगडीवरचं कपाट या सगळ्यात वाईट जागा. घरातली सगळ्यात थंड, अंधारी भिंत शोधा. डबे जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, ओल चढणार नाही. पुराची भीती असेल तिथे अर्थातच उंची आधी, थंडावा नंतर. सगळं एकाच खोलीत नको.

वीज गेली की जेवणाचा क्रम

आधी फ्रीज, मग फ्रीझर, कोरड्या साठ्याला हात सगळ्यात शेवटी. न उघडलेला फ्रीज सुमारे चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीझरमध्ये पाण्याचा पेला गोठवून त्यावर नाणं ठेवून द्या. घराबाहेरून परत आल्यावर नाणं तळाशी रुतलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं, ते अन्न खाऊ नका. फ्रीज नसताना एका वेळेपुरतंच शिजवा. उरलेला भात खोलीत राहिला तर त्यात वाढणाऱ्या जंतूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

ज्यांचा शिधा वेगळा

सहा महिन्यांखालच्या बाळाला साधी दूध पावडर चालत नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईचं पाणी आणि जेवण वाढवा, वरच्या दुधावर असेल तर त्याचंच नेहमीचं फॉर्म्युला दूध महिनाभराचं आणि ते उकळलेल्या पाण्यात बनवायची सोय. वर्षाखालच्या मुलाला मध नको. मधुमेह असणाऱ्यासाठी साखर कमी करून कडधान्यं आणि शेंगदाणे वाढवा, पण रक्तातली साखर कमी झाल्यावर तातडीने द्यायला थोडी साखर जवळ हवीच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळीचं आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दात नसलेल्यांसाठी मऊ शिजणारं धान्य वेगळं मोजा. जुलाब झाले तर १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मापाचा छोटा चमचा त्याच डब्यात ठेवा, मीठ जास्त झालेलं अपायकारक असतं.

खरेदी एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात पाण्याचे कॅन आणि ब्लीच, दुसऱ्यात तीन दिवसांचं न शिजवायचं अन्न, तिसऱ्यात जादा सिलिंडर किंवा जे जळण असेल ते, मग दर खेपेला नेहमीच्या यादीत धान्य, डाळ आणि तेल यांचं एक-एक माप जास्त. दोन-अडीच महिन्यांत १४ दिवसांचा साठा उभा राहतो आणि एका वेळी फार पैसे गुंतत नाहीत.

साठा पुरा झाला की एका शनिवारी सकाळी फ्रीजचं दार चिकटपट्टीने बंद करा, नळ बंद करा, सिलिंडरचं वजन लिहून ठेवा आणि सोमवार सकाळपर्यंत फक्त साठ्यावर राहा. पाणी मोजून घ्या. काय कमी पडलं, काय कोणी खाल्लं नाही, भांडी धुवायला किती पाणी गेलं, हे कागदावर लिहा. सोमवारी सिलिंडर पुन्हा तोला. या दोन दिवसांच्या आकड्यांना सातने गुणलं की तुमच्या घराचा १४ दिवसांचा खरा हिशेब मिळतो, आणि वर दिलेले ग्रॅम-लिटर त्यानुसार बदलून घ्या.